कबरींना पाणी

त्या वर्षी, म्हणजे २००३ साली, लिंडेनबाखला जूनपासून धड पाऊस नव्हता. द्राक्षमळ्यांच्या उतारावरची माती भाजून विटेसारखी झाली होती आणि ओढ्यात फक्त दगड राहिले होते. जर्मनीत गारठा असेल म्हणून मी नगरहून दोन स्वेटर आणले होते. ते बॅगेतच राहिले.

माझा मुलगा सत्यजित नेकारसुल्मला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. सून ऊर्मिला हाइलब्रोनला एका संगणक कंपनीत. दोघं सकाळी साडेसहाला बाहेर पडत, ती संध्याकाळी येत. दिवसभर घरात मी एकटा. नगरला मी शाळेच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काढली. पुस्तकं जागेवर ठेवणं एवढंच मला नीट येतं. इथे तर घरातल्या वस्तूंच्या जागाही मला कळत नव्हत्या. भरदुपारी मी वाऱ्यासाठी खिडक्या उघडल्या आणि घर भट्टीसारखं तापलं. इथे उन्हाळ्यात खिडक्यांवरचे पडदे-पत्रे खाली ओढून अंधारात बसतात. फक्त प्लास्टिकच्या वेष्टनांसाठी असलेल्या पिवळ्या पिशवीत मी भलताच कचरा भरला, तेव्हा गाडीवाल्यांनी ती पिशवी वर एक चिठ्ठी चिकटवून दारातच ठेवली. शेजारणीने ती चिठ्ठी वाचली असणार. ऊर्मिलाने गुपचूप हातमोजे घालून कचरा वेगळा केला.

"राहू दे गं, मी करतो," मी म्हटलं.

"बाबा, तुम्ही बसा. मला पाच मिनिटं लागतील."

बसा, हेच मला सगळे सांगत.

मनोरमा, माझी पत्नी, आदल्या नोव्हेंबरात गेली. म्हणून तर मुलाने तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं होतं. आम्ही ख्रिस्ती, त्यामुळे रविवारी उपासनेला जायचं हे ठरलेलंच. लिंडेनबाखचं चर्च ल्यूथरन, दगडी, आतून पांढरं आणि गार. उन्हाळ्यात मंडळी जेमतेम तीस माणसांची. अर्धी सुट्टीवर गेलेली, उरलेली म्हातारी. भिंतीवरच्या लाकडी पाटीवर गीतांचे आकडे सरकवायचे, मेणबत्त्या लावायच्या, घंटा वाजवायची, हे सगळं फ्राउ हेगेले, म्हणजे हेगेलेबाई, करत. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, बुटक्या, डाव्या पायाने लंगडणाऱ्या. पहिल्याच रविवारी त्या माझ्यापाशी आल्या, माझ्या हातातलं गीतपुस्तक घेतलं, पान काढून परत दिलं. पान मी आधीच काढलेलं होतं. पण मला ते सांगावंसं वाटलं नाही.

जर्मन मी जुन्या पाठ्यपुस्तकातून शिकलो होतो. वाचता यायचं, लिहिता यायचं, बोलायला गेलं की जीभ लाकडासारखी व्हायची. फ्राउ हेगेलेंची बोली तर पुस्तकात कुठेच नव्हती. म्हणून मी खिशात छोटी वही ठेवू लागलो. मी लिहून दाखवायचो, त्या बोलायच्या, निम्मं कळायचं. ऊर्मिला बरोबर असली की बाकीचं ती सांगायची.

चर्चच्या मागे दफनभूमी आहे. तसली मी आधी पाहिली नव्हती. नगरला आमच्या कबरी म्हणजे दगड, क्रूस आणि मे महिन्यात भेगाळलेली जमीन. इथे प्रत्येक कबर म्हणजे वाफा. दगडी चौकटीत काळी माती आणि तिच्यात लाल-गुलाबी फुलांच्या बेगोनिया ओळीने. संध्याकाळी पाचनंतर गावातल्या बायका येतात, दगडी हौदातून झाऱ्या भरतात आणि आपापल्या माणसांना पाणी घालतात. गावाला जाताना घराची किल्ली आणि कबरीचं पाणी शेजाऱ्यावर सोपवून जायचं, ही तिथली रीत. चर्चच्या दारात यादी लावलेली असते: कोणाची कबर, कोणत्या तारखा, पाणी कोण घालणार. त्या उन्हाळ्यात अकरा कबरींपुढे एकच नाव होतं, हेगेले.

जुलैच्या मध्यात एकदा मी तिथल्या बाकावर वाचत बसलो होतो. फ्राउ हेगेले दोन हातांत दोन झाऱ्या घेऊन येत होत्या. दर चार पावलांवर थांबायच्या, झाऱ्या खाली ठेवायच्या, कमरेवर हात दाबायच्या. मी उठलो आणि एक झारी उचलली. त्यांनी दुसरीही दिली.

दुसऱ्या दिवशी ऊर्मिलाने मला समजावलं. फ्राउ हेगेलेंच्या खुब्याची शस्त्रक्रिया आठवड्यावर आली होती. नंतर तीन आठवडे व्यायामाच्या इस्पितळात. परत यायला ऑगस्टचा शेवट.

"त्या विचारतायत, अकरा आणि त्यांची एक, अशा बारा कबरींना पाणी घालाल का. बाबा, नाही म्हणालात तरी चालेल. त्यांना राग नाही येणार."

"मला जमेल असं वाटतं का तुला?"

"ते मी कसं सांगू? झारी दहा लिटरची आहे."

मी वहीत हो लिहून दाखवलं. फ्राउ हेगेलेंनी मला लगेच कामाला लावलं. झारीची चाळण काढायची. पानांवर पाणी पडता कामा नये. बुडाशी, हळू, माती पिईल तेवढंच. शेवटी त्यांनी स्वतःच्या नवऱ्याची कबर दाखवली. गॉटलोब हेगेले, मृत्यू १९९६. बेगोनियांच्या मध्ये गुडघ्याएवढं एक गुलाबाचं झाड होतं, एका फांदीवर दोन फुलं. द्राक्षांच्या प्रत्येक ओळीच्या टोकाला तिथे गुलाब लावतात. रोग आधी गुलाबावर दिसतो, म्हणजे द्राक्षं वाचवायला वेळ मिळतो. गॉटलोब आजारी पडल्यावर त्यांचा द्राक्षमळा विकला गेला. विकायच्या आदल्या दिवशी गॉटलोबनी स्वतः शेवटच्या ओळीचा गुलाब मुळासकट खणून घरी आणला, आणि त्यांच्यानंतर तो इथे आला.

"बेगोनिया मेल्या तर मेल्या," त्या म्हणाल्या. एवढं मला ऊर्मिलाशिवाय कळलं. मग त्यांनी गुलाबाकडे बोट केलं आणि ते तसंच धरून ठेवलं.

कामाला सुरुवात झाली. बारा कबरी म्हणजे चोवीस झाऱ्या, हौदापासून लांबात लांब कबर ऐंशी पावलं. पहिले चार दिवस खांदे इतके भरून आले की रात्री कूस बदलता येईना. पाचव्या दिवशी लय सापडली. उजव्या हातात भरलेली, डाव्या हातात भरलेली, मान सरळ, पाय जवळजवळ. तळव्यांना घट्टे पडले. कबरींवरची नावं पाठ झाली. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका मान हलवून नमस्कार करू लागल्या. एकीने, तिचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही, एका संध्याकाळी कागदात गुंडाळलेला प्लमचा केक बाकावर ठेवला.

"बाबा, तुमचा रंग बघा," सत्यजित म्हणाला. "माझ्यापेक्षा फिट दिसायला लागलात."

जेवणही जाऊ लागलं. मनोरमा गेल्यापासून मी प्रथमच भात दुसऱ्यांदा वाढून घेतला, तेव्हा ऊर्मिलाने भांडं माझ्याकडेच सरकवलं.

दोन ऑगस्टला हौदाच्या नळावर कुलूप आलं. नगरपालिकेचा कागद होता: विहिरींची पातळी खाली गेल्यामुळे बागा, गाड्या आणि दफनभूमी यांना पाणी बंद. बायका कागदापुढे उभ्या राहिल्या, हळहळल्या आणि घरी गेल्या. नियम म्हटल्यावर तिथे कोणी वाद घालत नाही. माझ्यापुढे मात्र बारा कबरी होत्या.

नगरच्या माणसाला पाणी नसणं नवीन नाही. आमच्याकडे एक दिवसाआड नळ. मनोरमा तांदळाचं, डाळीचं, भाजीचं धुवण एका पातेल्यात धरायची आणि कढीपत्त्याला, मोगऱ्याला घालायची. तांदळाच्या धुवणावर तिचा मोगरा असा फुलायचा की शेजारच्या सुलेखाबाई मुळाला काय घालता म्हणून विचारायच्या. मी विचार केला, इथे साठ-सत्तर घरं आहेत, साठ-सत्तर स्वयंपाकघरं.

वहीत तीनदा कच्चं लिहिलं. मग पक्का कागद केला आणि चर्चच्या दारात यादीशेजारी लावला. स्वयंपाकघरातलं वापरलेलं पाणी कृपया ओतून देऊ नका, कबरींसाठी हवं आहे, संध्याकाळी पाच वाजता मी दारात येईन. खाली लाल शाईत, रेघ मारून: साबण नको. साबणाने मुळं जळतात हे मला ठाऊक होतं. एवढी काळजी घेतल्याचं मला बरं वाटलं होतं.

पहिल्या संध्याकाळी तीन घरांनी पाणी दिलं. चौथ्या दिवशी अठरा. फ्राउ हेगेलेंच्या कोठारातली लाकडी हातगाडी मी बाहेर काढली, तिच्यात झाकणाच्या बादल्या ठेवल्या. सॅलड धुतलेलं पाणी, बटाटे धुतलेलं, अंडी उकडलेलं. लोक दारात बादली तयार ठेवायचे. काटकसर हा त्या गावाचा आवडता गुण, आणि तो एका परक्याने शिकवावा याची त्यांना गंमत वाटत होती. चर्चच्या पाळकबाई सुट्टीवर होत्या. बदली आलेल्या पाळकांनी उपासनेत पावसासाठी प्रार्थना केली आणि पाण्याच्या गाडीचा उल्लेख केला. सगळ्यांनी वळून पाहिलं. मी गीतपुस्तकात पाहत राहिलो.

सर्वांत जास्त पाणी हिर्श खानावळीतून यायचं. मालक ब्रॉयनिंग, लठ्ठ, लालबुंद, कायम एप्रनमध्ये. गॉटलोबचा मळा त्यानेच घेतला होता. रोज दोन बादल्या, गार करून ठेवलेल्या. ते पाणी पांढरं, दाट, हुबेहूब तांदळाच्या धुवणासारखं, उलट जास्तच कसदार दिसणारं. श्पेट्झले म्हणजे कणकेच्या जाडसर शेवया उकळून काढलेलं पाणी. मी मनाशी ठरवून टाकलं, सगळ्यांत चांगलं पाणी फ्राउ हेगेलेंच्या गुलाबाला. दोन्ही बादल्या, रोज.

आठवड्याने बेगोनियांच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या. मला वाटलं, ऊन. त्या दिवसांत पारा अडतीसवर होता. मातीवर पांढरा पापुद्रा धरला, त्यावर मुंग्या आल्या. मी पापुद्रा फोडला आणि आणखी पाणी घातलं. गुलाबाची दोन्ही फुलं गळली, मग पानं खालून वर पिवळी पडत गेली. बाकीच्या अकरा कबरी ठीक होत्या. मला उलगडा होईना. रोज संध्याकाळी गुलाबापुढे उकिडवा बसून मी पाणी घालायचो आणि वाटायचं, माझाच हात वाईट.

एकोणीस तारखेला वाळकी पानं काढताना काटा अंगठ्यात रुतला. रक्त आलं. मी हात बादलीत बुडवला तर जखम अशी झोंबली की मी अंगठा तोंडात घातला.

पाणी खारट होतं.

मी बादलीत बोट बुडवून पुन्हा चाखलं. मग हातगाडीच्या कडेवर बसलो. तांदूळ मनोरमा धुवायची, मग शिजवायची. आमच्याकडे मिठाचं पाणी कोणी ओततच नाही, ते अन्नातच मुरतं. इथे तांदूळ कोणी धूत नाही, पण श्पेट्झलेच्या पाण्यात मूठभर मीठ टाकतात आणि पाणी ओतून देतात. बारा-तेरा दिवस, रोज दोन बादल्या मीठ मी गॉटलोबच्या डोक्यावर ओतलं होतं.

घरी मी सगळं वहीत लिहून काढलं. वहीच पुढे केली. सत्यजितने वाचलं.

"बाबा, ठीक आहे. शनिवारी बागेच्या दुकानातून बेगोनिया आणतो. तसलाच गुलाब बघू. त्या यायच्या आत लावून टाकू."

"तसलाच?"

"कोणाला कळणार आहे?"

"सत्या," ऊर्मिला म्हणाली, "त्यांना कळेल. एका पानावरून कळेल."

"मग काय करायचं? तुला माहितीये ना हे गाव. दहा वर्षं आपण राहतोय, अजून आपण 'वरच्या गल्लीतले भारतीय' आहोत. आता म्हणतील, म्हाताऱ्याने कबर नासवली."

तो चिडून नव्हता बोलला. घाबरून बोलला होता. माझ्यामुळे माझा मुलगा घाबरला, हे मला मिठापेक्षा जास्त झोंबलं. पण दुसरा गुलाब लावायला मी नको म्हणालो. मी फार गोष्टींना नको म्हणत नाही. सत्यजितने माझ्याकडे पाहिलं आणि परत तो विषय काढला नाही.

सकाळी मी हिर्शमध्ये गेलो. ब्रॉयनिंगला वही दाखवली. त्याने वाचली, एप्रनला हात पुसले, पुन्हा वाचली.

"मीठ," तो म्हणाला. "अर्थात मीठ. तुम्ही दोन्ही बादल्या एकाच ठिकाणी?"

मी मान हलवली.

"मला वाटलं, तुम्ही शिकलेला माणूस, तुम्हाला माहीत असेल. पातळ करून घालत असाल."

मला वाटलं होतं, त्याला माहीत असेल. हे मी लिहिलं. तो हसला नाही. खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "गॉटलोब मला फार बोलला असता."

शनिवारी सकाळी सहाला आम्ही चौघं दफनभूमीत होतो. ब्रॉयनिंगने ट्रॅक्टरला छोटी ट्रॉली जोडून मळ्यातली माती आणली होती, गुलाब जिथून निघाला त्याच ओळीच्या टोकाची. मेलेल्या बेगोनिया ऊर्मिलाने उपटल्या. खारट माती वीतभर खोल काढायची होती, पण गुलाबाची मुळं तुटू न देता. फावडं चालेना. मी गुडघे टेकून चमच्याने काढत गेलो, सत्यजित बोटांनी. त्याचे हात कारखान्यात कधी मळत नाहीत. दोन तासांनी त्याची नखं काळी झाली होती.

"लहानपणी तुम्ही मला मोगऱ्याची आळी करायला लावायचा," तो म्हणाला. "मी पळून जायचो."

"आज पळाला नाहीस."

"ट्रॉली आडवी आहे."

मुळं धुवायला गोडं पाणी हवं होतं. ते ऊर्मिलाने तीन दिवस साठवलं होतं. शॉवरचं पाणी गरम होईपर्यंत वाया जातं, ते तिने बादलीत धरलं, आणि शेजारच्या चार घरांनाही धरायला सांगितलं. म्हणजे तिने सगळं सांगितलं होतं. लपवलं नव्हतं. आठ वाजता त्या घरांतल्या बायका बादल्या घेऊन आल्या. केकवालीही होती. त्यांनी बादल्या रांगेत ठेवल्या आणि त्या तिथेच उभ्या राहिल्या. मी मुळांवरून पाणी सोडलं, हळू, माती पिईल तेवढंच. झाड उघड्या काडीसारखं दिसत होतं.

फ्राउ हेगेले सत्तावीस तारखेला आल्या. दोन कुबड्यांवर, टॅक्सीतून उतरून घरात न जाता थेट दफनभूमीत. मी फाटकात उभा होतो. रात्रभर लिहिलेला कागद मी त्यांच्या हातात दिला. दीड पान होतं. त्यांनी कुबड्या मला धरायला दिल्या, दगडावर टेकल्या आणि पूर्ण वाचला. वाचताना ओठ हलत होते. ऊर्मिला माझ्या मागे उभी होती.

कागदाची घडी करून त्यांनी पर्समध्ये ठेवली. मग गुलाबाकडे वाकल्या. वाकता येईना, तेव्हा मला खूण केली. मी एक फांदी धरून त्यांच्याकडे वळवली. त्यांनी अंगठ्याच्या नखाने साल खरवडली. तपकिरी. त्याखाली, बुडापासून चार बोटांवर पुन्हा खरवडली. तिथे हिरवं होतं, काकडीच्या सालीच्या आतल्या बाजूसारखं फिकट हिरवं आणि ओलं.

पर्समधून त्यांनी कात्री काढली. इस्पितळातून येणाऱ्या बाईच्या पर्समध्ये झाडं छाटायची कात्री होती. ती माझ्या हातात दिली आणि कुठे कापायचं ते बोटाने दाखवलं. मी कापलं. चार बोटांचा खुंट उरला.

मग त्या काहीतरी म्हणाल्या आणि ऊर्मिला एकदम हसली, लगेच तोंडावर हात ठेवला.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, गॉटलोब जन्मभर तक्रार करायचे, हिच्या श्पेट्झलेत मीठ कमी असतं."

फ्राउ हेगेले हसल्या नाहीत. कुबड्या मागून घेतल्या. दोन पावलं गेल्यावर थांबल्या आणि मला विचारलं, माझ्या बायकोच्या कबरीवर काय लावलंय. मी काहीच नाही म्हणालो. दगड आहे. त्या म्हणाल्या, दगडालाही उन्हाळ्यात धुवावं लागतं, तिथे कोण धुतं? त्या रात्री मी नगरला सुलेखाबाईंना पत्र लिहिलं, घरामागचा मोगरा अजून आहे का, आणि त्याची एक फांदी मनोरमापाशी लावता येईल का, विचारलं.

माझं परतीचं विमान चार सप्टेंबरला होतं. एकतीस ऑगस्टच्या रविवारी पाळकबाई सुट्टीवरून परत आल्या होत्या. उपासनेच्या शेवटी गावच्या बातम्या वाचून दाखवतात, तशा त्यांनी वाचल्या. दोन बाप्तिस्मे, एक लग्न, गायनवृंदाची तालीम बुधवारऐवजी गुरुवारी. उन्हाळ्यात दफनभूमीला पाणी दिल्याबद्दल हेर, म्हणजे श्रीयुत, उजागरे यांचे आणि सर्व स्वयंपाकघरांचे आभार. माझं आडनाव त्यांनी अगदी बरोबर उच्चारलं. मनातल्या मनात मी ते आणखी एकदा म्हणून पाहिलं.

बाहेर पडताना दारात गर्दी होती. तिथले लोक पुढच्या उन्हाळ्याची सुट्टी याच उन्हाळ्यात ठरवून टाकतात, त्यामुळे फ्राउ हेगेलेंनी पुढची यादी त्याच दिवशी लावली होती. पुढच्या वर्षी यायचं की नाही हे मी ठरवलं नव्हतं. मुलाच्या संसारात म्हाताऱ्याने किती वेळा यावं, हा प्रश्न सत्यजितला विचारायचं मला धाडस होत नव्हतं.

"बाबा, हे बघा," सत्यजित म्हणाला. तो यादीपुढे उभा होता. मागचे लोक थांबले होते तरी हटत नव्हता.

मी चष्मा लावला. कबर: गॉटलोब हेगेले. तारखा: जून ते ऑगस्ट २००४. पाणी घालणार: बी. उजागरे. मला कोणी विचारलंच नव्हतं. आणि त्याखाली लाल शाईत, मी मारली होती तशीच रेघ मारून, फ्राउ हेगेलेंच्या टोकदार अक्षरात लिहिलं होतं: मीठ नको.